कपभर दूध

कोल्ड्रिंकचं झाकण उघडताना येणारा तो गोड, नाकात झिणझिणणारा वास आला की मला आष्टीकडची आमची दूध सोसायटी आठवते. माझ्या लग्नाच्या वर्षी पडलेल्या दुष्काळात टँकरचं पाणी मचूळ लागायचं, म्हणून सोसायटीचे चेअरमन असलेले माझे सासरे दिवसभर कोल्ड्रिंकच प्यायचे. छातीत जळजळ व्हायची, दात आंबून भाकरी चाववत नव्हती, तरी म्हणायचे, "उन्हाचा तरास हाय." मी बारावी सायन्स झालेली नवी सून. एका सकाळी सभासदांसमोर मी त्यांच्याच बाटलीतलं कोल्ड्रिंक कपभर गरम दुधात ओतलं. बघता बघता दूध फाटलं. "मामा, ह्याच्यात आम्ल हाय, साखरेमुळं कळत न्हाई एवढंच. त्यानंच तुमचे दात झिजायलेत." सुनेनं चारचौघांत असं बोलायची रीत नव्हती, तरी मी बोलले. मामांनी कप हातात घेऊन निरखला. "नासकं दूध आपण दारातून परत लावतो, अन् दूध नासवणारं मी रोज पितोय व्हय!" बाटली सुटली, हळूहळू जळजळही थांबली, झिजलेले दात मात्र तसेच राहिले. पुढं त्यांनीच मला सोसायटीच्या निवडणुकीला उभं केलं. आज चेअरमन मी आहे, आणि बैठकीला ताक असतं.