निळ्या ड्रमवरच्या रेघा

परवा गच्ची आवरताना जुना निळा ड्रम हलवला आणि तापलेल्या प्लॅस्टिकच्या वासासरशी टँकरची रांग आठवली. पडेगावच्या आमच्या नव्या कॉलनीपर्यंत शहर येऊन पोचलं होतं, नळ पोचला नव्हता, आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. रांगेत उपड्या ड्रमवर बसून मी कादंबऱ्या वाचायचे. रहस्य, भय, ऐतिहासिक, सामाजिक, वर्षभरात सगळं वाचायचं ठरवलं होतं. पुस्तक संपलं की ड्रमवरच ऑइलपेंटनं त्या-त्या प्रकाराच्या नावाखाली रेघ ओढायचे, मग बायका कौतुकानं गोष्ट विचारायच्या. सामाजिक कादंबऱ्यांच्या रेघा फार कमी दिसत होत्या, म्हणून एकीची मी निम्म्यातच रेघ ओढली. त्यात घरातून पळून गेलेली एक मुलगी होती. समोरच्या काकूंनी विचारलं, “मग आली का गं ती माघारी?” त्यांची लेक तशीच लग्न करून गेलेली, हे मला ठाऊक होतं. तरी मी दिलं ठोकून, “नाय काकू, मेली ती.” “व्हय का,” एवढंच त्या म्हणाल्या. टँकर आला, त्यांचा ड्रम भरून पाणी मातीत वाहायला लागलं, तरी त्यांनी पाइप काढला नाही. पुढं मी ते पुस्तक पुरं वाचलं. शेवटच्या पानावर ती मुलगी आईच्या दारात उभी असते. तोवर नळ आले, रांग मोडली, म्हणून सांगायचं राहिलं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. काकूंचं घर तेव्हाही समोरच होतं, आजही आहे.