जावेच्या विमानाचे तास

धाकट्या जावेला आणि दिराला त्यांच्या मुलाने जर्मनीला बोलावलं, तेव्हापासून माझ्या पोटात दुखत होतं. ते लपवायचं काही कारण नाही. आमची घरं दिघीत एकाच गल्लीत. दोघींची मुलं चाकणच्या एकाच कंपनीत लागली. तिच्या मुलाला कंपनीने जर्मनीला धाडलं. माझा लग्नानंतर चाकणलाच खोली करून राहिला, इथून वीसेक किलोमीटरवर. दोन वर्षांत त्याने आम्हा म्हातारा-म्हातारीला चार दिवस राहायला या, असं एकदाही म्हटलेलं नाही.

जाऊ मात्र येता-जाता ऐकवायची, "साडेनऊ तास एका जागी बसायचं हो, आक्का. पाय सुजतात म्हणे." तोंडाने तक्रार आणि गालात हसू.

एकदा तिने मला तिकिटाचा कागद दाखवला. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आकडे मला वाचता येतात. मुंबईहून निघायची वेळ तेरा, तिकडे उतरायची अठरा. अठरातून तेरा गेले, राहिले पाच. मी ते मनात ठेवलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिच्याकडे गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. तिने पुन्हा साडेनऊ तास सुरू केले, तशी मी म्हणाले, "पाचच तास लागतात. तिकिटावर छापलंय. वरचे साडेचार तू घरचे घातलेस." बायका खो-खो हसल्या. मला फार बरं वाटलं.

जावेने सरळ मुलाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. इथे दिवेलागण झाली होती, त्याच्या खिडकीत दुपारचं ऊन होतं.

"काकू, इथली घड्याळं साडेचार तास मागे असतात. तिकिटावर उतरायची वेळ इथली लिहितात. साडेसहा हजार किलोमीटर पाच तासांत कसे होतील?" मग म्हणाला, "तुम्ही आणि काका पण या ना."

शिवी दिली असती तरी चाललं असतं.

जाऊ साखरेसारख्या आवाजात म्हणाली, "आक्का, तुमच्या चाकणला किती वेळ लागतो हो?"

"तासभर."

"मग कधी निघताय?"

बायका पुन्हा हसल्या. या वेळी माझ्यावर. मी वाण घेतलं आणि उठले. घरी येऊन पदर सोडायच्या आधी मुलाला फोन लावला. "रविवारी आम्ही दोघं येतो, चार दिवस राहायला."

तो म्हणाला, "आई, या आठवड्यात ओव्हरटाइम आहे. मी सांगतो तुला."

"सांग," म्हटलं.

त्याने अजून सांगितलेलं नाही. जाऊ परवा गेली. तिला सोडायला सगळी गल्ली गाडीपर्यंत आली होती. मी गेले नाही.