हरणाच्या मागं काय हाय

काडतूस हातात आलं की तात्या ते आधी कानाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि हळूच हलवायचे. "बोल बाबा," असं त्याला म्हणायचे. बारीक छर्रा असला की आत वाळू सरकल्यासारखी वाजते. मोठे मणी असले की खुळखुळ्यासारखं वाजतं. डबा हलवून आत बाजरी हाय का हरभरा, हे ज्यानं ओळखलंय त्याला मी वेगळं सांगायला नको.

तात्यांकडं बारा बोरची दुनळी होती. वडिलांपासून आलेली, पीक राखायच्या परवान्यावरची. आमच्या भांडगावच्या बाजूला रानडुकरं मका लोळवून जायची, तेव्हा तात्या हवेत एक बार काढायचे आणि चार वस्त्या निवांत झोपायच्या. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायला लागायची. ते दिवस तात्या खांद्यावर छत्री टाकून हिंडायचे, तशीच तिरकी, दांडा मागं करून. कुणी हसलं की म्हणायचे, "खांद्याला सवय हाय, मी काय करू?"

त्यांच्या आणि माझ्या रानात एकच बांध. सकाळी भेटले की ते मला जयभीम घालायचे आणि मी त्यांना रामराम. एकमेकांचा नमस्कार आम्ही असा उलटा फिरवायचो, त्यात आम्हाला बरं वाटायचं. भांडण पण झालं. बांधावरच्या बाभळीवरून एक उन्हाळा आम्ही बोललो नाही. मी माघार घेतली नाही, त्यांनी पण नाही. शेवटी बाभळ आपोआप वाळली.

आता बंदूकवाल्या माणसाला लोक काय विचारणार? डुकराला कोण विचारत नाही. सगळ्यांना हरणाचं पडलेलं असतं. तात्यांचा पुतण्या कुरकुंभला कंपनीत आहे. त्याच्याबरोबरचे दोघं एकदा चहाला आले आणि त्यांची तिथंच जुंपली. एक म्हणाला, जवळनं मारायचं तर चार नंबर बास, बारीक छर्रा असतो पण जवळनं फाकत नाही. दुसऱ्यानं मोबाईलवर बघितलेलं. तो म्हणाला, हरणाला एल्जीच पाहिजे, सहा मोठे मणी, जागेवर बसतंय.

"तात्या, तुम्ही सांगा. जवळनं हरणाला कुठलं काडतूस?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "जवळ म्हंजी किती जवळ?"

"म्हणजे अगदी समोर."

"डोळा दिसतोय का त्याचा?"

"दिसतोय समजा."

"मग काडतूस कशाला लागतंय? बघत बस की."

पोरं हसली. तात्या हसले नाहीत. "हरीण मारलं तर जेल हाय, ते तुमास्नी ठावं हाय. मला एकच सांगा. हरणाच्या मागं काय हाय?"

हे त्यांचं नेहमीचं. डुकराचं असो, मोकाट कुत्र्याचं असो, आधी मागं काय हाय ते सांग. समोरचं सगळ्यांना दिसतं, म्हणायचे. नळीला मागचं पण दिसतंय.

आता काळजी कुठनं सुरू झाली ते सांगतो.

काडतुसावर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. तात्यांना ती वाचता येत नव्हती, आणि वर्षानुवर्षं पट्ट्यात घासून ती पुसली पण होती. म्हणून त्यांची स्वतःची खूण होती. एल्जीच्या बुडाला, पितळेवर, तेलात कालवलेल्या कुंकवाचं एक बोट. छर्ऱ्याचं बूड कोरं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा ते स्वतः करायचे. त्या वर्षी विहिरीवरची मोटार जळाली म्हणून ते दौंडला गेले आणि पूजा त्यांच्या घरच्यांनी, काकूंनी, केली. कोयता, कुऱ्हाड, विळा, बंदूक. आणि पट्ट्यातली सगळी काडतुसं बाहेर काढून, पुसून, एकेकाला हळद आणि कुंकू.

तात्या आले आणि बघतात तर सगळी बुडं लाल.

"हे काय केलं?"

"पूजा केली," काकू म्हणाल्या. "आठवणीनं सगळ्यास्नी लावलं. एकाला लावायचं आन् एकाला न्हाई, देवाला बरं दिसतंय का ते?"

तात्या एकेक कानाला लावत बसले. पण खरी अडचण वेगळीच होती. पाण्याच्या डिझेल इंजिनाशेजारी जन्म गेल्यामुळं त्यांचे कान गेले होते. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते बांधावर आले आणि एक काडतूस माझ्या कानाजवळ धरलं.

"आबा, तुम्ही ऐका."

बाभळीवरून उन्हाळाभर न बोललेला माणूस तो. मी कारण विचारलं नाही. ते हलवायचे, मी सांगायचो. वाळू. खुळखुळा. वाळू. शेवटी एक राहिलं. ते वाजेचना. दमट होऊन आत घट्ट बसलं होतं का काय, कितीही हलवलं तरी मुकं.

"काय म्हणतंय?"

"काही म्हणत नाही."

त्यांनी ते खिशात टाकलं. बाकीची ट्रंकेत कुलपात गेली. मुकं काडतूस मात्र त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं. फोडून टाका, मी म्हणालो. "पुजल्यालं हाय आबा. फोडू कसं?" बरं, मारून संपवा, तर म्हणे, काय हाय ते कळल्याबिगर नळीत घालायचं न्हाई. रोज ते देव्हाऱ्याकडं बघायचे आणि मी त्यांच्याकडं बघायचो. हरभरा वर आला, घाटे धरायला लागला, तरी माझ्या डोक्यातनं ते जात नव्हतं. जेवताना हात थांबायचा. आमची मंडळी म्हणायची, दुसऱ्याच्या देव्हाऱ्याची तुम्हाला कसली काळजी?

हरभऱ्याला घाटे आले की माळावरची हरणं खाली येतात. तात्यांचा हरभरा माझ्या गोठ्याला लागून. गोठा पत्र्याचा. मधे काही नाही.

त्या सकाळी धुकं होतं. मी पिकाला पाणी देऊन येत होतो. हरभऱ्यात एक काळवीट एकटं उभं होतं, मान वर करून, अगदी जवळ. मी थांबलो. आणि अलीकडं, तात्यांच्या घराच्या बाजूला, पुतण्या गुडघ्यावर बसलेला दिसला. रात्रपाळी सुटली होती, कंपनीचा शर्ट तसाच अंगात. मागं ते दोघं. आणि त्याच्या हातात दुनळी.

ट्रंकेला कुलूप होतं. म्हणजे नळीत देव्हाऱ्यातलं तेच मुकं असणार, ते मला लगेच कळलं.

काळविटाच्या मागं माझा गोठा. गोठ्यात, पत्र्याच्या पलीकडं, आमची मंडळी धार काढत होती. तिथनं ती कुणालाच दिसत नव्हती. मला ठाऊक होतं. तात्यांना ठाऊक होतं. या वेळेला ती तिथंच असते.

मी ओरडायला गेलो, तर आवाज फुटेना. लोकांना हे खोटं वाटतं. तुमच्यापैकी कुणाचं असं झालं असेल तर त्याला वाटणार नाही.

तात्या मोटारीकडनं आले. पळाले नाहीत. हरभरा तुडवत, रोज चालतात तसे चालत आले आणि नळी आणि काळवीट यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. तोंड पुतण्याकडं. काळविटानं उडी घेतली आणि ते माळाकडं गेलं. तात्या जागचे हलले नाहीत.

"तात्या, बाजूला व्हा की," पुतण्या म्हणाला. "चार नंबर हाय आत."

"तुला कुणी सांगितलं?"

"जवळनं चार नंबरच लागतंय म्हणून वाटलं..."

"हरीण गेलं. आता म्होरं मी हाय. माझ्या मागं काय हाय, ते सांग."

पुतण्यानं मान वाकडी करून बघितलं. "गोठा हाय."

"गोठ्यात?"

तेवढ्यात आतनं चरवी ठेवल्याचा आवाज आला आणि आमची मंडळी म्हशीला काहीतरी बोलली. पुतण्यानं नळी खाली केली. ते दोघं तर कधी गेले कळलंच नाही.

तात्यांनी काडतूस काढून घेतलं, माझ्या ओट्यावर बसले आणि विळ्यानं त्याचं तोंड कापलं. आमच्या मंडळीनं ताट पुढं केलं, तिला अजून काही माहीत नव्हतं. ताटात सहा मणी पडले. हरभऱ्याएवढे, काळे. ताटात गरगर फिरले आणि थांबले.

"हे कशाचं हो भाऊजी?" तिनं विचारलं.

"तुमचं न्हवं वहिनी," तात्या म्हणाले. "तुमचं न्हवं." आणि मग त्यांना चहाची कपबशी धरता येईना. मी धरली.

दुसऱ्या दिवशी ते बंदूक ठाण्यात ठेवून आले. निवडणूक नव्हती. परत आणायला गेले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, कान गेलं माझं, आता कशाला. पहिल्यांदाच ते चारचौघांत असं बोलले. छत्री मात्र खांद्यावर राहिली, तशीच तिरकी.

यंदाच्या थंडीत तात्या गेले. पुतण्यानं हरभरा पेरलाय आणि तो राखत नाही. हरणं येतात, खातात, जातात. मी सकाळी बांधावर उभा राहतो. हरीण मान वर करतं आणि माझ्याकडं बघतं, डोळा दिसतो इतकं जवळनं. मी त्याच्या मागं बघतो. सवय झालीय. मागं तात्यांचा ओटा आहे, आणि खुंटीला छत्री.

मी रामराम घालतो. तिकडनं जयभीम येत नाही.