झुबेदाचाचींचं ऑर्किड आणि माझ्या हातचे बत्तीस

मी आजवर बत्तीस जणांना ठार मारलं आहे, आणि ते सगळे माझ्या मदतीला आले होते.

सुरुवात झाली समोरच्या फ्लॅटमधल्या झुबेदाचाचींच्या ऑर्किडपासून. चाची मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या. भाचीच्या लग्नासाठी त्या पंधरा दिवस तिकडे निघाल्या आणि जाताना कुंडी माझ्या हातात देऊन गेल्या. सहा वर्षं त्या झाडाने पानांपलीकडे काही दिलं नव्हतं. आता पहिल्यांदाच दांडा आला होता, त्यावर सात कळ्या.

"तुलाच देते," चाची म्हणाल्या. "तू गप असतेस. झाडाला गप मानूस बरा. रोज एक फोटो तेवढा टाक."

मी मान हलवली. (माझी बहुतेक संभाषणं अशीच संपतात.)

उलव्यातल्या आमच्या अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत सावलीची एकच जागा आहे, बाबांच्या जास्वंदीशेजारची. तिथे कुंडी ठेवली. चौथ्या दिवशी पानांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले. उशीतला कापूस उडाला असेल, म्हणून मी फुंकर मारली. कापूस हलला नाही. मग त्यातल्या एका पुंजक्याने, बराच विचार करून, एक पाय पुढे टाकला.

नेटवर शोधलं. मिलीबग. झाडाचा रस शोषतात, कळ्या गळतात. जास्वंदीचं पान उलटून पाहिलं तर मागून सगळं पांढरं. म्हणजे रोग आमच्या घरचा आणि पेशंट चाचींचा!

उपाय सोपा होता: इअरबडला स्पिरिट लावून एकेकाला टिपायचं. अवघड होतं ते मेडिकलमध्ये जाऊन स्पिरिट मागणं.

"जखम कुठे झालीये?" दुकानदाराने विचारलं.

"पानांच्या मागे," मी म्हणाले.

रांगेतले दोघे थोडे मागे सरकले.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. आईला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मोऱ्याच्या जेट्टीवर कळलं असतं. बाबांशी माझं फार बोलणं होत नाही. आमचं एकमेकांवर प्रेम आहे, पण दोघांत मिळून दिवसाला साधारण चार शब्द. ते जेवताना "मीठ" म्हणतात, मी "हं" म्हणते, असं.

रोज सकाळी बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन मी कामाला लागायचे. खरं सांगायचं तर टिपण्यापेक्षा बघण्यातच जास्त वेळ जायचा. दिसतात त्या सगळ्या माद्या असतात म्हणे. अंगावर मेणाचा पांढरा कोट घालून कोपऱ्यात बसायचं, शक्यतो हलायचं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. मला ते फार ओळखीचं वाटलं. तरी मी काडी टेकवली.

फोटो मी फक्त कळ्यांचे पाठवायचे. एकदा चाचींचा मेसेज आला, "मागून पन दाखव." मी मागून दिसणारा सूर्यास्त पाठवला.

आठव्या दिवशी भिंगाखाली जे दिसलं ते कुठल्याच साइटवर नव्हतं. तेच पांढरे, पण दुप्पट मोठे, अंगाला झिपऱ्या, आणि चक्क पळत होते! माझ्या स्पिरिटवर पोसून हे असे झाले, अशी माझी खात्री पटली. अकरा होते. मी अकराही टिपले. दहाव्या दिवशी पुन्हा बारा. बाराव्या दिवशी नऊ. दरम्यान दोन कळ्या गळल्या. त्या मी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवल्या. (का, ते मलाही माहीत नाही.)

"तुम्ही दोघं त्या कुंडीपुढे डोकं काय टेकवता?" आईने विचारलं. "ही सकाळी, हे संध्याकाळी."

संध्याकाळी? मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पेपर वर धरला.

तेवढ्यात बेल वाजली. दारात बाबांचे जुने मित्र रामाकाका. बोनकोड्यात त्यांची नर्सरी आहे. चप्पल काढता काढताच म्हणाले, "साहेब, तीन पेट्या दिल्या तुमाला. माजी किडी जातंय कुटं? तुमचे घरान कोन खातंय त्यांना?"

मग ते बाल्कनीत आले. माझ्या हातात भिंग, इअरबड, इअरबडच्या टोकाला पांढऱ्या झिपऱ्या. रामाकाकांनी भिंग घेतलं, टोक पाहिलं, मग मला पाहिलं.

"हीच ती," ते म्हणाले.

ते झिपरे राक्षस म्हणजे एका ढालकिड्याची, म्हणजे लेडीबगची, पिल्लं होती. ती मिलीबग खातात, आणि दिसायला थेट मिलीबगसारखीच असतात. जास्वंद आपली, म्हणून दोष आपला, असं बाबांना वाटलं होतं; मला वाईट वाटेल म्हणून ते काही बोलले नव्हते. दर दोन दिवसांनी ते बोनकोड्याला जाऊन काडेपेटीतून पिल्लं आणत, संध्याकाळी हळूच झाडावर सोडत. सकाळी मी त्यांचा निकाल लावत होते.

रामाकाकांनी जाताना चौथी पेटी दिली, बाबांच्या नाही, आईच्या हातात. आईने स्पिरिट जप्त केलं. पुढचे तीन दिवस मी हात मांडीखाली घेऊन नुसती बघत बसले. एक पिल्लू एका मिलीबगला कोटासकट खाताना पाहिलं. मला हे इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

चाची परतल्या त्या सकाळी पहिलं फूल उमललं होतं, जांभळं, मधे पिवळा ठिपका. चाचींनी ते वाकून जवळून पाहिलं. मग त्यांनी कळ्या मोजल्या.

"सात होत्या ना गं?"

मी तीन वाक्यं पाठ करून ठेवली होती. तिन्ही म्हटली. जास्वंद, स्पिरिट, बत्तीस. रुमालही आणून दिला.

चाचींनी दोन सुकलेल्या कळ्या पाहिल्या, मग फोनवर माझा आठव्या दिवसाचा फोटो मोठा केला. कोपऱ्यात एक झिपरं पिल्लू धावताना आलं होतं. त्या हसू दाबत म्हणाल्या, "काय मानसं तुमी. एका घरात ऱ्हाता, एकमेकांशी बोलत नाय काय?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे.

"बोलतो की," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

झाले चार शब्द. त्या दिवशी जेवताना बाबांनी मीठ स्वतःच उठून घेतलं.