राहिलेला एक भागाकार

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर होणार, म्हणून मी कागद गोळा करतेय. तिसऱ्यांदा. ऑफिसातली बाई दर वेळी नवा कागद मागते आणि माझे गुडघे म्हणतात, आता पुरे. या खेपेला हवं होतं सासूबाईंच्या वेळचं रेशन कार्ड. त्यावर ज्यांची नावं, त्यांचा खोलीवर हक्क.

कार्ड ट्रंकेत सापडलं. नंबर १११५४७. मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेले माझेच भागाकार.

तेव्हा मी नवी नवरी, गणितातली बीएस्सी. चाळीत गणिताला विचारतंय कोण? किती माणसांना किती वाट्या तांदूळ, एवढंच. एकदा थोरली जाऊ म्हणाली, "चूल वेगळी करूया, कार्डही वेगळं काढू. खोलीत मधे फळ्या मारू." मला ते नको होतं. खरं सांगते, खिडकी तिच्या बाजूला जात होती.

मग आमच्या विदुषीबाई, म्हणजे मीच, कार्डाचा नंबर घेऊन बसल्या. दोनने जात नाही, तीनने जात नाही, पाचने नाही... एकेका मूळ संख्येने भागत ३१७ पर्यंत पोचल्या. सहासष्ट भागाकार! तेवढ्यात नळाला पाणी आलं. हंडा भरून आल्यावर जाहीर केलं, "ही मूळ संख्या आहे. हिचे भाग पडत नाहीत. मग घराचे कसे पाडता?"

नंबराचा आणि घराचा काडीचा संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना नव्हतं. "शिकलेली सून सांगता, तां खराच आसतला," त्यांनी अख्ख्या गॅलरीला ऐकवलं. वर्षभरात जाऊ आणि दीर माहीमला भाड्याने राहायला गेले. रिकाम्या हाताने.

आता दीर नाहीत. जाऊ अजून भाड्याच्याच खोलीत. गेल्या महिन्यात तिने विचारलं, "कार्डावर माझं नाव आहे ना गं?" मी म्हटलं, "सापडलं तर बघते." सापडून आठ दिवस झाले, मी गप्प.

काल नातीने तो नंबर फोनवर टाकला. "आजी, तू फेल! ३३१ गुणिले ३३७."

३१७ नंतरची मूळ संख्या ३३१. नंबराच्या वर्गमुळापर्यंतच भागून बघायचं असतं, म्हणजे नेमका तोच एक भागाकार राहिला होता. आणि तोही करायची गरज नव्हती. ३३४ चा वर्ग या नंबरापेक्षा फक्त नऊने मोठा, आणि नऊ हा तीनचा वर्ग. ३३४ मधून तीन काढा, ३३४ मध्ये तीन घाला, झाले दोन भाग, जवळजवळ सारखे. शाळेतलं सूत्र! सहासष्ट वेळा भागलं बाईने, एकदा धड बघितलं नाही.

मी जावेला फोन लावला.

"वहिनी, तो नंबर भागतो."

कुठला, हे तिने विचारलंच नाही. "किती भाग?"

"दोन. एक जरासा मोठा."

"मोठा कुणाचा?"

"तुमचा."

"आणि खिडकी?"

"तुमचीच. कार्डावर नाव आहे तुमचं. उद्या अकराला ऑफिसात या, आधार घेऊन. आणि सावकाश या, लिफ्ट बंद आहे."