होकाराआधीचा फ्लेक्स

झरीच्या फाट्यावर गाडी वळली आणि मी ड्रायव्हरला ओरडून थांबवलं. समोर माझाच चेहरा होता, दोन माणसं उंचीचा. वर लिहिलं होतं, ‘झरीच्या सुकन्येची राजदूतपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ बाजूला मला जिथं पाठवायचं घाटत होतं त्या देशाचं नाव आणि झेंडा. खाली ओळीनं सतरा शुभेच्छुकांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून.

निवड अजून झालीच नव्हती.

इथं थोडं आमच्या धंद्यातलं सांगते. राजदूत म्हणून कोणाला पाठवायचं हे आपलं सरकार ठरवतं, पण तेवढ्यानं भागत नाही. ज्या देशात जायचं, त्यांना आधी गुपचूप नाव कळवून संमती मागतात. तिला आग्रेमाँ म्हणतात. ती येईपर्यंत नाव फोडायचं नाही. आपल्याला गृहीत धरलं असं समोरच्याला वाटलं तर तो नकार देतो, आणि कारणही सांगत नाही. पंचवीसेक वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्यांसाठी फायली नाचवल्या होत्या. ही माझी पहिली राजदूतकी, आणि ती फाट्यावर टांगलेली होती.

मी फक्त आईला सांगितलं होतं, कारण तिला सोबत न्यायचं होतं. आईनंही कोणाला सांगितलं नाही. फक्त माधवला, पासपोर्टच्या कामासाठी. माधव माझा चुलतभाऊ, माजी सरपंच. त्याच्या कानात सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच.

तो हार घेऊन घरासमोरच उभा होता.

“माधव, तो फ्लेक्स उतरव. आत्ताच्या आत्ता.”

“कामून आक्का? फोटो जुना हाय म्हणून?”

“बातमी अजून पक्की नाही. त्या देशाचा होकार यायचाय.”

“येतंय की! सगळा तालुका मला फोन करायलाय. आता उतरवला तर लोक म्हणतील, आक्काची ऑर्डर रद्द झाली. ह्या सतरा जणांनी तोंड कुठं दाखवायचं?”

त्याचंही खरं होतं. आमच्याकडं फ्लेक्स लावायला कारण लागत नाही, उतरवायला मात्र लागतं.

मी भल्याभल्या शिष्टमंडळांना समजावलंय, पण ते सगळं इंग्रजी इथं बिनकामाचं. शेवटी विचारलं, “पोरीकडचा होकार यायच्या आधी आपण पत्रिका वाटतो का?”

त्यानं हार खाली केला. “म्हंजी सोयरीक अजून जुळली न्हाई?”

“नुसतं स्थळ कळवलंय.”

“अन् आमी मांडव घालून बसलो!” त्यानं कपाळावर हात मारला आणि पेंटरला घेऊन तडक फाट्यावर निघाला. मीही मागोमाग गेले.

फाट्यावर काम सुरू झालं आणि दिल्लीहून माझ्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, गावाकडं कसलं सेलिब्रेशन चाललंय? कोणीतरी मला लांबून काढलेला धुरकट फोटो पाठवलाय. त्यावरचं मराठी काही वाचता येत नाही.”

मी वर पाहिलं. पेंटरनं मजकुरावर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि तो शिडीवरून रंगवत होता, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. देशाच्या झेंड्यावर गुलाबाचं फूल आलं होतं.

“वाढदिवस आहे, सर.”

“फायलीत तर मे महिना आहे. आता डिसेंबर.”

“गावाकडं तिथीनं करतात, सर.”

तिथी इतकी सरकत नसते. साहेबांनी ‘हॅपी बर्थडे’ म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी केक आला. सतराच्या सतरा जणांनी मला भरवला. डोकं तापलेलं होतं, पण आईचा फुललेला चेहरा बघून राग कुठल्या कुठं गेला. खरं सांगते, बरं वाटलं.

पुढचे काही आठवडे मात्र फोन वाजला की नंबर दिल्लीचा आहे का, ते मी आधी बघायचे. अखेर आग्रेमाँ आली. रिवाजाप्रमाणे मी त्या देशाच्या दिल्लीतल्या राजदूतांना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला आणि हसत आपला मोबाइल पुढं केला. पट्टी चिकटवण्याआधीचा फ्लेक्स, झेंड्यासकट. मला ठसकाच लागला.

“आमच्या राष्ट्राध्यक्षांनी हा पाहिलाय,” ते म्हणाले. “त्यांनी एवढंच विचारलंय, खालचे हे सतरा जण तुमच्यासोबत येणार आहेत का?”

“नाही, नाही. ते शुभेच्छुक आहेत.”

“असं? त्यांचं नेमकं काम काय असतं?”

सगळ्या नोकरीत इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. नव्या अधिकाऱ्यांना मी हल्ली एवढंच सांगते: विरोधकांशी कसं वागायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवतात, शुभेच्छुकांचं ज्याचं त्यानं बघायचं.