अडुसष्ट किलो

माझ्या नवऱ्याचं लिव्हर निकामी होत होतं, पण वजन अडुसष्टच्या खाली उतरत नव्हतं, आणि याचा मला कोण अभिमान! हिंजवडीच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचे. रोज सकाळी बिबवेवाडीतून कंपनीची बस पकडण्याआधी त्याला वजनकाट्यावर उभं करायचं आणि आकडा एक्सेलमध्ये भरायचा. माझं लिव्हर त्याला जुळत होतं. त्यातला मोठा तुकडा द्यायचं ठरलं होतं. तोवर त्याचं अंग टिकवणं हे माझं काम.

घरात मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं. घड्याळ त्याच्या मनगटावरून पार कोपरापर्यंत सरकायचं. कानशिलं आत गेली होती, पोट मात्र ताठ. सुजलेल्या पावलावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा, आणि मी दूध तापवून परत आले तरी तो तसाच असायचा. काट्यावर चढतो तो कुणी दुसराच आहे, आणि माझा माणूस त्याच्या आत लहान लहान होत चाललाय, असं वाटायचं. भीती वाटायची. मग मी आकडा बघायचे. अडुसष्ट. जीव भांड्यात पडायचा.

एका दुपारी मी मंडईतून भाजी घेऊन आले. तो दारात उभा होता. मला बघून अदबीनं बाजूला झाला.

“आपण कोणाकडे आलात?”

एकवीस वर्षं मला अगं-तूगं करणारा माणूस. “अरे, मी आहे,” म्हटलं.

“बसा ना. ती येईलच इतक्यात.”

मग आम्ही दोघं सोफ्यावर बसून माझी वाट बघत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, लिव्हर जे विष साफ करू शकत नाही ते मेंदूत जातं. त्यांनी पोट साफ ठेवणारं पातळ औषध दिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, प्रोटीन डोक्यात जातं. आधी डाळ बंद कर.” त्यांच्या सासऱ्यांना पूर्वी डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं म्हणे. मी पुन्हा कुणालाही विचारलं नाही. डाळ, दूध, अंडी, सगळं बंद. मऊ भात, वरणाचं नुसतं वरचं पाणी. संध्याकाळी सातला जेवण, मग सकाळच्या आंघोळीपर्यंत काही नाही, पोटाला विश्रांती. चार दिवसांत तो मला ओळखायला लागला. गुण औषधाचा होता, श्रेय मी माझ्या पथ्याला दिलं.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझा तक्ता बघितलाच नाही. त्यांनी त्याच्या दंडाला टेप लावली, हातात एक यंत्र देऊन मूठ दाबायला सांगितली. काटा जेमतेम हलला. मग कमरेच्या स्कॅनवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे स्नायू हवेत. अडुसष्टमधलं निदान पंधरा किलो पाणी आहे, ताई. खायला काय देता?”

मी पथ्य सांगितलं, अजूनही जराशा तोऱ्यातच. त्यांनी टेप गुंडाळून बाजूला ठेवली.

“आजारी लिव्हर रात्रीपुरतंही अन्न साठवून ठेवत नाही. बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचेच स्नायू खातं. रोज रात्री तेच चाललं होतं.”

रोज रात्री मी त्याच्या शेजारीच झोपलेले असायचे.

त्यानंतर दर तीन तासांनी चारलं. अंडी, डाळ, झोपताना शेंगदाण्याचा लाडू. पण दीड महिन्यात कितीसं भरून येणार? आणि त्याहून जास्त थांबणं शक्य नव्हतं. ऑपरेशन झालं. माझा तुकडा त्याच्यात पहिल्या दिवसापासून कामाला लागला. कावीळ उतरली, डोळे पांढरे झाले. डॉक्टर रोज सांगायचे, लिव्हर उत्तम आहे. फक्त त्याला खोकता येत नव्हतं. छातीतला कफ वर आणायलाही स्नायू लागतात, हे मला तेव्हा कळलं. व्हेंटिलेटर काढला की तो दमायचा, पुन्हा लावायचे. एकोणिसाव्या दिवशी तो न्यूमोनियानं गेला. लिव्हर तेव्हाही चालू होतं.

तीन महिन्यांनी माझी सोनोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. माझ्या पोटावर यंत्र फिरवत, पडद्याकडे बघत त्या कौतुकानं म्हणाल्या, “लिव्हर पुन्हा पूर्ण वाढलंय, मॅडम. काही काढलं होतं असं वाटतच नाही.”

मला माझ्याच पोटाचा संताप आला. मी म्हटलं, “पुन्हा एकदा नीट बघा.”